वर्गमूळाचा नियम, आणि तो मोडणारे: अणुभट्टी, जिवाणू आणि थवे



बोईसरमध्ये ‘रिॲक्टर’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोनपैकी एक चित्र येते. एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याला स्टीलची बंद टाकी दिसते. वरून कच्चा माल, आत ढवळणी, बाहेरून वाफेचे नाहीतर थंड पाण्याचे जॅकेट. अणुशक्ती केंद्रात नोकरी झालेल्या घरात मात्र त्याच शब्दाचा अर्थ युरेनियमची भट्टी असा होतो. आज आपण या दोन्हींबरोबर तिसरा एक रिॲक्टर बघणार आहोत. तो जिवाणूंनी भरलेला असतो आणि तो बनवला एका भौतिकशास्त्रज्ञाने.

सैद्धांतिक भौतिकीत काम करणाऱ्या आम्हा लोकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. अणू, इलेक्ट्रॉन, चुंबक हे तुमचे विषय. मग जिवंत पेशींच्या मागे कशाला लागता? आमचे उत्तर थोडक्यात असे: आम्ही जमाव मोजतो. जमाव अणूंचा असो, न्यूट्रॉनचा असो, जिवाणूंचा असो की माशांचा असो. एकेकाचे वागणे सांगता येत नाही, जमावाचे येते. आणि जमावाची संख्या किती वर-खाली होते ते नीट पाहिले, तर आत काय चालले आहे तेही कळते. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच. पण तारापूरच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या एका प्रश्नापर्यंत तो जाऊन पोहोचतो. त्या प्रश्नाकडे शेवटी येऊ.

एकाचा भरवसा नाही, हजारांचा आहे

सुरुवात स्वतःच्या शरीरापासून करू. आपण वसईची केळी खातो, बटाटा खातो, शहाळ्याचे पाणी पितो. या सगळ्यांतून पोटॅशियम मिळते. त्याच्याशिवाय स्नायू आणि नसा चालत नाहीत. ७० किलो वजनाच्या माणसात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असते. त्यातल्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० या जातीचा, म्हणजे किरणोत्सर्गी असतो. हिशेब मांडला तर अशा माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे ४,४०० अणुकेंद्रांचा ऱ्हास होतो. आत्ता, या क्षणी, हे वाक्य ऐकताना. तारापूर असो वा नसो, हे चालूच असते.

आता यातले एकच अणुकेंद्र घ्या आणि विचारा, हे कधी फुटणार? याला उत्तर नाही. आपल्याला ठाऊक नाही असे नव्हे. क्वांटम सिद्धांताप्रमाणे तशी माहिती त्या अणुकेंद्रात लिहिलेलीच नसते. डहाणूचा चिकू आधी जून होतो, मग पिकतो. हात लावला की अंदाज येतो. अणुकेंद्र जून होत नाही. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. पृथ्वी घडण्याच्याही आधीपासूनचे केंद्र पुढच्या सेकंदाला फुटण्याची शक्यता जेवढी, तेवढीच ती उद्याही असेल.

पण जमाव बघा. सरासरी ४,४०० असेल तर चढउतार साधारण ४,४०० च्या वर्गमूळाएवढा, म्हणजे ६६ एवढा होतो. दोन-तृतीयांश वेळा मोजणी ४,३३४ ते ४,४६६ यांच्या दरम्यान येते. सरासरी १०० असती तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. ४,४०० ला तो दीड टक्का. एक कोटीला फक्त ३,१६२, म्हणजे टक्क्याचा बत्तिसावा हिस्सासुद्धा जेमतेम. जमाव वाढतो तसा नियम घट्ट होत जातो. यालाच आपण आज ‘वर्गमूळाचा नियम’ म्हणू.

या नियमाला अट एकच आहे. जमावातला प्रत्येक जण स्वतंत्र हवा. एक फुटला म्हणून शेजारी फुटला, असे असता कामा नये. ही अट लक्षात ठेवा, कारण यापुढचे सगळे व्याख्यान ती अट मोडणाऱ्यांविषयी आहे.

तारापूर: न्यूट्रॉनची घराणी

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. त्या दोन्ही उकळत्या पाण्याच्या भट्ट्या, म्हणजे पाणी युरेनियमच्या सळ्यांमधूनच वाहते, तिथेच उकळते आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरते. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या आल्या. त्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरतात.

चारही ठिकाणी मूळ गोष्ट एकच, साखळी प्रक्रिया. एक न्यूट्रॉन युरेनियम-२३५ च्या केंद्रावर आदळतो, केंद्राचे दोन तुकडे होतात, उष्णता निघते आणि सरासरी दोन ते तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यातले काही वाया जातात, काही दुसरे केंद्र फोडतात. म्हणजे एका न्यूट्रॉनची मुले, नातवंडे, पतवंडे. ही चक्क वंशावळ आहे. प्रत्येक पिढीत मागच्यापेक्षा किती पट न्यूट्रॉन होतात, त्या आकड्याला गुणक म्हणू. गुणक १ पेक्षा कमी असेल तर घराणे संपते, जास्त असेल तर फोफावते, नेमका १ असेल तर भट्टी स्थिर चालते.

आता एक हिशेब करू. गुणक १ ऐवजी १.००१ झाला. हजारात एकाची वाढ, तेवढ्याने काय होणार? विखंडनातून लगेच बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनची एक पिढी साध्या पाण्याच्या भट्टीत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर संपते. म्हणजे एका सेकंदात दहा हजार पिढ्या. १.००१ चा दहा हजारावा घात सुमारे २२,००० येतो. एका सेकंदात बावीस हजार पट! असे असते तर भट्टी चालवणे माणसाच्या हातचे काम राहिले नसते.

मग ती चालते कशी? सगळे न्यूट्रॉन लगेच निघत नाहीत, म्हणून. युरेनियम-२३५ मध्ये दर हजार न्यूट्रॉनमागे साधारण साडेसहा उशिरा येतात. विखंडनातून ब्रोमीन-८७ सारखे तुकडे तयार होतात. त्याचे अर्धायुष्य जवळजवळ ५६ सेकंद. त्याचा ऱ्हास झाल्यावर कधी कधी एक न्यूट्रॉन सुटतो. असे उशिरा येणारे मोजके न्यूट्रॉन धरले तर पिढीचा सरासरी कालावधी सेकंदाच्या सुमारे बाराव्या भागापर्यंत लांबतो. सेकंदाला दहा हजारांऐवजी बाराच पिढ्या झाल्या, की तोच १.००१ चा गुणक सेकंदाला एक-सव्वा टक्का वाढ देतो. ही वाढ नियंत्रक सळ्यांनी आवरता येते. ब्रोमीनचे एक केंद्र कधी फुटेल ते कुणालाच सांगता येत नाही, पण त्यांचा जमाव इतका शिस्तीने उशीर करतो की त्या उशिरावर सगळी भट्टी तोलून धरता येते.

दुसरा आधार पाण्याचा. उकळत्या पाण्याच्या भट्टीत उष्णता वाढली की वाफेचे बुडबुडे वाढतात. पाणी विरळ होते, न्यूट्रॉनचा वेग पुरेसा कमी होत नाही आणि गुणक आपोआप खाली येतो. वाढच वाढीला लगाम घालते. हे वाक्यही ध्यानात असू द्या, तिसऱ्या रिॲक्टरमध्ये ते पुन्हा भेटणार आहे.

आता वर्गमूळाकडे वळू. भट्टी अजून सुरू व्हायची आहे, गुणक १ च्या किंचित खाली आहे आणि आपण मोजणीयंत्र लावून बसलो आहोत, असे समजा. गुणक ०.९ असेल तर एका न्यूट्रॉनचे घराणे सरासरी १० जणांचे होते, ०.९९ असेल तर १०० जणांचे. एकाच घराण्यातले न्यूट्रॉन जवळजवळ एकाच वेळी यंत्रावर येऊन पोहोचतात. मोजणी मग एकसारखी टपटप पडत नाही. झुंडी येतात, मध्ये शांतता, पुन्हा झुंड. चढउतार वर्गमूळापेक्षा मोठा निघतो. तो किती मोठा, यावरून गुणक १ च्या किती जवळ पोहोचला आहे ते कळते. रिचर्ड फाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे गणित बसवले. पद्धत आजही फाइनमनच्या नावाने ओळखली जाते. मोजणीतला खडखडाट टाकून द्यायचा नसतो, वाचायचा असतो.

जिवाणू: वीस डिश आणि एक जुगाराचे यंत्र

याच सुमारास, १९४३ मध्ये, अमेरिकेत दोन माणसे जिवाणूंवर हेच गणित वापरत होती. त्यातले मॅक्स डेलब्रुक मूळचे क्वांटम भौतिकीतले. नील्स बोर यांचे १९३२ मधले प्रकाश आणि जीवन या विषयावरचे व्याख्यान ऐकून ते जीवशास्त्राकडे वळले. दुसरे साल्वादोर लुरिया, शिक्षणाने डॉक्टर.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता. जिवाणूंवर त्यांना मारणारा विषाणू सोडला की बहुतेक सगळे मरतात, थोडे तगतात. तगलेल्यांची संततीही तगते. ही प्रतिकारशक्ती विषाणूचा धक्का बसल्यावर आली की आधीच, योगायोगाने, काहींत होती? सूक्ष्मदर्शकातून हे दिसत नाही.

विद्यापीठातल्या नृत्याच्या एका कार्यक्रमात लुरिया एका सहकाऱ्याला जुगाराच्या यंत्रात नाणी टाकताना बघत होते. बराच वेळ काहीच मिळत नाही, मग एकदम घबाड. त्यातून त्यांना कल्पना सुचली. जिवाणू थोडे-थोडे घेऊन अनेक वेगवेगळ्या नळ्यांत वाढवायचे, मग प्रत्येक नळी विषाणू पसरलेल्या वेगळ्या डिशमध्ये ओतायची आणि तगलेल्या वसाहती मोजायच्या. प्रतिकार धक्क्यानंतर येत असेल तर प्रत्येक जिवाणूची संधी स्वतंत्र, म्हणजे वर्गमूळाचा नियम लागू. सरासरी ११ असेल तर बहुतेक आकडे ८ ते १४ च्या घरात हवेत. पण प्रतिकार आधीच, वाढीच्या काळात येत असेल तर घराणी तयार होणार. पाच पिढ्या आधी बदललेल्या एका जिवाणूचे ३२ वंशज होतात, दहा पिढ्या आधी बदललेल्याचे हजारावर.

त्यांच्या एका प्रयोगात २० डिश होत्या. सरासरी ११ च्या थोडी वर. पण ११ डिशमध्ये एकही वसाहत नव्हती, एकीत ३५ होत्या, एकीत ६४ आणि एकीत १०७. घबाड! वर्गमूळाचा नियम साफ मोडला होता आणि त्या मोडण्यातच उत्तर होते. बदल आधीच झालेला असतो; औषध किंवा विषाणू फक्त निवड करतो.

हा काही पुस्तकी निष्कर्ष नाही. टीबीच्या रुग्णाला एकाच वेळी अनेक औषधे का देतात, याचे उत्तर इथे आहे. रुग्णाच्या फुप्फुसात जंतू कोट्यवधी असतात. उदाहरणापुरते धरा, एका औषधाला न जुमानणारा जंतू दहा लाखांत एक आणि दुसऱ्याला न जुमानणारा दहा कोटींत एक. एकच औषध दिले तर तगणारे हजारो जंतू आधीपासूनच बसलेले आहेत. दोन्ही एकदम दिली तर दोघांनाही न जुमानणारा जंतू एकावर चौदा शून्ये एवढ्यांत एक. म्हणजे जवळजवळ नाहीच. बरे वाटले म्हणून त्यातले एक औषध सोडणारा माणूस हा गुणाकार मोडत असतो.

डेलब्रुक, लुरिया आणि आल्फ्रेड हर्शी यांना नोबेल मिळाले १९६९ मध्ये. तारापूर सुरू झाले तेच वर्ष.

आणि याच १९४३ च्या फेब्रुवारीत डब्लिनमध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी जाहीर व्याख्याने दिली. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले, ‘व्हॉट इज लाइफ?’. त्यांचा एक मुख्य प्रश्न वर्गमूळाचाच होता. भौतिकीचे नियम मोठ्या जमावावर उभे आहेत. मग जनुकासारखा मोजक्या अणूंचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा? आजीचे नाक नातीला कसे येते? श्रोडिंगर यांनी डेलब्रुकच्या १९३५ च्या कामाचा आधार घेतला: क्वांटम सिद्धांतात ऊर्जेचा उतार नसतो, पायऱ्या असतात. शरीराच्या तापमानाला अणूंना बसणारा सरासरी हिसका एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या चाळिसाव्या भागाएवढा असतो, तर कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीनच्या वर इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. पायरी हिसक्याच्या शंभरपट उंच. म्हणून लिहिलेले पुसले जात नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की एवढ्याने भागत नाही. पाणी आणि ऑक्सिजन रोज प्रत्येक पेशीच्या डीएनएत हजारो ठिकाणी बिघाड करतात आणि पेशी ते सतत दुरुस्त करत असते. पायरी उंच आहे आणि वर पहारेकरीही आहे.

तिसरा रिॲक्टर आणि एक शिफारस

आता त्या तिसऱ्या रिॲक्टरकडे येऊ. १९३३ मध्ये लंडनच्या रस्त्यावर सिग्नलपाशी उभे असताना लिओ झिलार्ड यांना साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. तारापूरची भट्टी ज्या कल्पनेवर चालते, ती ही. युद्धानंतर झिलार्ड अण्वस्त्रांच्या विरोधात बोलू लागले आणि जीवशास्त्राकडे वळले. १९४७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, विषाणूंचा अभ्यासक्रम शिकायला ते विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले.

ॲरन नोविक यांच्याबरोबर त्यांनी एक उपकरण केले आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केले: केमोस्टॅट. एमआयडीसीतल्या मंडळींना ते लगेच समजेल. सतत चालणारी ढवळती टाकी. एका बाजूने पोषक द्रव ठरावीक वेगाने आत येतो, तेवढाच द्रव जिवाणूंसकट बाहेर जातो. जिवाणूला भरपूर अन्न मिळाले तर तो २० मिनिटांत दुप्पट होतो. एकापासून एका दिवसात ७२ दुपटी, म्हणजे कागदावर हजारो टन जिवाणू. टाकीत तसे होत नाही, कारण एक पोषक घटक मुद्दाम तोकडा ठेवलेला असतो. जिवाणू वाढले की वाट्याला अन्न कमी, वाढ मंद. कमी झाले की अन्न जास्त, वाढ जलद. शेवटी वाढ आणि बाहेर जाणे यांचा मेळ बसतो. गुणक आपोआप १.

ओळखीचे वाटले ना? तारापूरच्या पाण्यातले बुडबुडे हेच करतात. वाढच वाढीला लगाम घालते. साखळी प्रक्रियेचा जनक दुसऱ्या एका साखळीला स्थिर कसे ठेवावे याचेच उत्तर शोधत होता, फक्त न्यूट्रॉनच्या जागी जिवाणू होते. या टाकीत त्यांनी मोजले की प्रतिकाराचे बदल किती वेगाने साठतात. आणि चकित करणारी गोष्ट निघाली: त्यांनी तपासलेला बदल पिढ्यांच्या हिशेबाने नव्हे, तासांच्या हिशेबाने साठत होता.

झिलार्ड यांचा आपल्याकडच्या विज्ञानाशी थेट संबंध आहे. ओबेद सिद्दीकी नावाचे तरुण जनुकशास्त्रज्ञ भारतात परतू पाहत होते. झिलार्ड यांनी त्यांची गोष्ट होमी भाभा यांच्या कानावर घातली. भाभांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे गणित आणि भौतिकीच्या घरात, रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि तो सिद्दीकींकडे दिला. पुढे त्यातूनच बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. त्याच काळात तेच भाभा तारापूरची आखणी करत होते. झिलार्ड १९६४ मध्ये गेले, भाभा २४ जानेवारी १९६६ च्या विमान अपघातात. तारापूरची वीज दोघांनीही पाहिली नाही. पण ‘क्वांटम पदार्थ आणि जिवंत गोष्टी यांचा काय संबंध’ हा प्रश्न आपल्याकडे साठ वर्षांपूर्वीच एका निर्णयाने सोडवला गेला होता, एवढे यातून दिसते.

थवा: जिथे शेजारी बदलतात

आतापर्यंत वर्गमूळ मोडले ते घराण्यांमुळे. दुसरेही कारण असते, एकमेकांकडे बघून वागणे.

चुंबक घ्या. त्यातला प्रत्येक अणू म्हणजे क्वांटम सुई, शेजाऱ्यांच्या दिशेने वळू पाहणारी. १९६६ मध्ये मर्मिन आणि वॅग्नर यांनी सिद्ध केले की अशा सुया एका पातळ सपाट थरात असतील, त्यांना कुठल्याही दिशेला वळायची मोकळीक असेल आणि प्रत्येकीला जवळच्या शेजारणीच समजत असतील, तर थोड्याशा उष्णतेतही सगळ्यांची दिशा एक राहू शकत नाही. निरोप लांबवर जाता जाता बिघडतो.

आता वारली पाड्यावरचा तारपा नाच आठवा. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची लांब, गुंडाळत जाणारी रांग. पूर्ण आकार कुणालाच दिसत नाही. प्रत्येकाला कळतो तो शेजारी. इथे शेजारी कायम तोच. पक्ष्यांच्या थव्यात किंवा माशांच्या झुंडीत मात्र प्रत्येक जण पुढे सरकत असतो, त्यामुळे शेजारी बदलत राहतात. १९९५ मध्ये हंगेरीतल्या तमाश विचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर असा थवा चालवून पाहिला. त्याच वर्षी जॉन टोनर आणि यूहाय तू यांनी त्याचे गणित दिले. सपाट पृष्ठभागावरचा थवा एक दिशा धरू शकतो! चुंबकाला जे जमत नाही ते थव्याला जमते, कारण निरोप नेणारा स्वतःच चालत जातो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले श्रीराम रामस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यापुढे एक भाकीत केले. स्वतःच्या बळावर हलणाऱ्या अशा जमावात एखाद्या भागातली संख्या वर्गमूळापेक्षा फार जास्त वर-खाली होईल. २००७ मध्ये विजय नारायण, रामस्वामी आणि नारायणन मेनन यांनी ते करून दाखवले. त्यासाठी जिवंत प्राणीही लागला नाही. थरथरत्या तबकडीवर तांब्याच्या तारेचे छोटे तुकडे ठेवले. प्रत्येक तुकडा थरथरीतून ऊर्जा घेऊन हलतो. तुकडे कुठे गर्दी करतात, कुठे मैदान मोकळे सोडतात. सरासरी दहा हजार असेल तर वर्गमूळ म्हणते शंभरचा फरक. अशा जमावात तो हजारांत जाऊ शकतो.

सातपाटीच्या बंदरावर हे ऐकून कुणी म्हणेल, यात नवे काय? एकाचे जाळे पापलेटांनी भरून येते, शेजारच्या बोटीचे रिकामे. माशांच्या झुंडीला हे समीकरण जसेच्या तसे लागू होते असे म्हणणे घाईचे होईल. समुद्रात अन्न आहे, प्रवाह आहेत, शिकारी आहेत. पण जाळ्यात सापडलेल्या संख्येवरून समुद्रातली संख्या काढताना ‘मासे स्वतंत्र आहेत’ असे धरून चालत नाही, एवढे यातून नक्की कळते.

आता तो प्रश्न

या भागात व्याख्यान म्हटले की शेवटी एक प्रश्न येतोच, बहुधा मागच्या रांगेतून: ‘आम्ही केंद्राजवळ राहतो. आम्हाला काही होईल का?’

हा प्रश्न एकाचा आहे आणि आमच्याकडे उत्तर आहे ते जमावाचे. हे आधी प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. अणुकेंद्राप्रमाणेच, एका माणसाला कमी मात्रेच्या किरणोत्सर्गाने काय होईल हे सांगता येत नाही. सांगता येते ती शक्यता. मात्रेचे आकडे सांगतो. जगात नैसर्गिक किरणोत्सर्गाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. आपल्याकडे अणुकेंद्रांमुळे जनतेतल्या माणसाला मिळू शकणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. आपल्याच शरीरातल्या पोटॅशियममुळे मिळते ती साधारण ०.१७.

मग ‘गावात आजारी किती, ते मोजून बघा’ असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, मोजायलाच हवे. पण वर्गमूळ विसरू नका. एखाद्या भागात वर्षाला एखाद्या आजाराचे १०० रुग्ण अपेक्षित असतील तर काहीही कारण नसताना ते ९० होतील, ११० होतील. कधी ८० किंवा १२० सुद्धा. खरोखरीची वाढ तीन टक्क्यांची असेल तर ती तीन रुग्णांची. दहाच्या चढउतारात तीन दिसणार नाहीत. तीन टक्के वाढ नैसर्गिक चढउताराच्या दुप्पट होऊन वर यायची असेल तर सुमारे साडेचार हजार रुग्णांची नोंद लागते. म्हणजे मोठा भाग, बरीच वर्षे आणि एकही नोंद न गाळणारी वही.

यातून दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही निघते. एका गल्लीत तीन आजारी निघाले म्हणून ‘सिद्ध झाले’ असे म्हणता येत नाही. योगायोगाच्याही झुंडी असतात. आणि छोट्या पाहणीत ‘काही आढळले नाही’ म्हणून ‘काही नाहीच’ असेही म्हणता येत नाही. त्या पाहणीला किती लहान वाढ दिसू शकली असती, हे आधी विचारायचे. कोणताही आकडा हातात आला की तीन प्रश्न विचारा: मोजले किती? वर्गमूळ किती? आणि मोजलेले एकमेकांपासून स्वतंत्र होते का? संसर्गजन्य आजार असेल तर नसतातच, तिथे पुन्हा घराणी आली.

तीन आणि चार क्रमांकांच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण इथल्या लोकांनी घरे सोडली. त्यांच्या शेजारगावांतला माणूस प्रश्न विचारतो तेव्हा त्याला ‘काळजी करू नका’ एवढेच सांगून भागणार नाही. त्याला आकडे द्यायला हवेत, ते कसे मोजले ते सांगायला हवे आणि आकड्यांची मर्यादाही सांगायला हवी. वर्गमूळ काढायला आठवीचे गणित पुरते. इथल्या शाळांतल्या मुलांनी ते आपल्या गावाच्या नोंदींवर काढून पाहावे, असे आम्हाला मनापासून वाटते.